वीस अंशांवरची लांबी

सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता तोच भाग बारा मायक्रॉननं आखूड निघाला. शनिवारी संध्याकाळी करुणा ओव्हाळनं तो मोजला होता, पास केला होता, आणि कंपनीची बस सुटायची वेळ झाली म्हणून पेटीत न भरता तसाच काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून ती निघून गेली होती. रविवारभर तो त्या बंद खोलीत पडून होता. खोलीत कुणी आलं नव्हतं, दिवेही बंदच होते. आज त्याचा रिपोर्ट छापायला गेली तर शनिवारच्या फाइलमध्ये एक रकाना रिकामा दिसला, म्हणून तिनं भाग पुन्हा मशीनखाली लावला. मशीनच्या बारीक सुईच्या टोकाचं माणिक आधी एका भोकाच्या कडांना, मग दुसऱ्या भोकाच्या कडांना अलगद टेकून आलं आणि पडद्यावर आकडा उमटला. शनिवारी वजा पाच होता, आज वजा सतरा. वजा पंधराच्या खाली गेला की भाग बाद. तिनं सुई पुसली, भाग पुसला, पुन्हा मोजलं. वजा सतरा. तिसऱ्यांदा वजा सतरा. चौथ्यांदा मोजायला तिचा हात उचलला गेला नाही. बाहेर रांजणगावच्या रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न चालू होते, आणि आत, बाराही महिने वीस अंशांवर ठेवलेल्या त्या खोलीत, तिच्या मानेवर घाम आला होता.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. माणसाचा एक केस सत्तर मायक्रॉनांचा, तेव्हा बारा म्हणजे त्या केसाच्या सहा चिरफळ्या केल्या तर त्यातली एक. नवीन आलेल्या मुलींना समजावताना करुणा हेच सांगायची आणि सांगताना दर वेळी तिला स्वतःलाच थोडी भोवळ आल्यासारखं व्हायचं. तो भाग म्हणजे विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला जी फळी वरखाली हलते ती धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा हात. दोन टोकांना दोन भोकं, मध्ये चारशेवीस मिलिमीटर. त्यात इकडंतिकडं पंधरा मायक्रॉनांची मोकळीक, त्याहून जास्त नाही. आठ वर्षांपूर्वी डिप्लोमा करून ती इथं लागली तेव्हा पहिल्या दिवशी या खोलीचं जाड दार मागं बंद झालं होतं आणि कानांत एकदम शांतता भरली होती. त्या शांततेत ते मशीन हवेच्या पातळ थरावर तरंगत, कुठंही न घासता, सरकत आलं होतं. तिला तेव्हा वाटलं होतं, याला काही विचारावं आणि यानं सांगावं, मध्ये दुसरं कुणी नको. तिचं आडनाव ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यात होणारा बदल तिला शाळेपासून दिसायचा. भुवई किंचित सरकायची, आवाज अर्धी पट्टी उतरायचा. मोजलं असतं तर मायक्रॉनांतच निघालं असतं. हे मशीन कुणाचं आडनाव विचारत नव्हतं. भाग कुणी बनवला, कुणी मोजला, त्याला काही नाही. आकडा तोच. एखाद्या गोष्टीवर इतका विश्वास तिनं आयुष्यात ठेवला नव्हता.

मशीन खोटं सांगत नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या तिला ते हळूहळू उमगत गेलं. कापून, धुऊन भाग बाहेर आला की तो अठ्ठावीस-तीस अंशांवर असतो. तो या खोलीत आणून निवायला ठेवायचा, पूर्वी चार तास. चार तास पहिला भाग निवणार, मग मोजला जाणार, तोवर पुढचा कापायचा नाही, म्हणून बाहेर भाग कापणारं जयसिंगदादांचं मशीन नुसतं उभं. दाराजवळच्या मोठ्या फळ्यावर रोज तीन आकडे लिहिले जायचे: मशीन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं, त्यातला किती माल चांगला निघाला. तिन्हींचा गुणाकार म्हणजे कारखान्याची कार्यक्षमता. मशीन उभं राहायचं म्हणून पहिला आकडा कधी चौऱ्याहत्तरच्या वर जात नसे. तीन महिन्यांपूर्वी करुणानंच सूचना दिली होती की खोली वीस अंशांवर असताना चार तास कशाला, तासाभरात भाग हाताला गारच लागतो. सूचना मान्य झाली. पहिला आकडा नव्वदवर गेला, गुणाकार चौऱ्याऐंशी पूर्णांक सहावर. करुणाचा फोटो फळ्याशेजारी लागला. हा गुणाकार पंच्याऐंशीला टेकला तर हे भाग घेणारी परदेशी कंपनी दुसरी पूर्ण लाइन इथं देणार होती. शिरूर-दौंडकडच्या तीसेक पोरापोरींना काम मिळणार होतं. गुरुवारी त्यांची माणसं बघायला यायची होती.

हाताला गार लागतो. हाताला. एका मायक्रॉनाचा हिशेब ठेवणाऱ्या खोलीत तिनं भाग निवला की नाही हे तळहातावर ठरवलं होतं. नकाशावरची लांबी जगभर वीस अंशांवरचीच धरतात आणि चारशेवीस मिलिमीटरचं ॲल्युमिनियम एका अंशाला दहा मायक्रॉन वाढतं, हे तिला परीक्षेला होतं. मशीनमध्ये भागाचं तापमान भरायची वेगळी जागाही होती आणि त्या जागेत वीस हा आकडा तिनंच एकदा टाइप करून कायमचा ठेवून दिला होता. मशीन आपलं विचारत राहिलं होतं, भाग किती अंशांवर आहे, आणि ती रोज न बघता सांगत राहिली होती, वीस.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. ती आठवली तेव्हा ती उठून उभी राहिली. सूचना लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भाग दहा-बारा मायक्रॉन लांब यायला लागले होते. तिनं बाहेर जाऊन जयसिंगदादांना सांगितलं होतं, दहा कमी करा. जयसिंग निमोण्याचे, पन्नाशीचे, घरचा ऊस असूनही अकरा वर्षं याच मशीनवर उभे. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला होता आणि म्हणाले होते, "मॅडम, टूल तेच, मशीन तेच, धातू त्योच. मंग ह्यो एका रातीत वाढला कसा?" ती म्हणाली होती, "दादा, मशीन सांगतंय." त्यांनी चष्मा खाली घेतला होता. मग वाकून त्यांनी दहा कमी केले होते.

आता ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांचं मशीन चालूच होतं, काचेमागं पांढऱ्या पाण्याचा मारा होत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं, फडक्यानं हात पुसले.

"मला तवाच वाटलं हुतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुमी म्हनालात मशीन सांगतंय. आता मशीनला मी काय म्हननार?" आवाजात राग नव्हता, त्यामुळं तिला जास्त लागलं. "किती भाग गेलं आसतील?"

"एकाहत्तर. बासष्ट दौंडला मुलामा द्यायला गेलेत. नऊ परदेशात पोचले."

जयसिंगांनी मोठ्यानं श्वास सोडला. कारखान्याच्या वर कुठंतरी, पार उंचावर, एक विमान चाललं असावं असा भास तिला झाला. पण तो वारा ओढणाऱ्या पंख्याचा आवाज होता.

कारखान्याचे प्रमुख सत्यजीत सर वाईट माणूस नव्हते. पस्तिशीचे, कामावर पहिले येणारे आणि शेवटी जाणारे. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "करुणा, बारा मायक्रॉन," ते हळू म्हणाले. "डिझाइन करणारे एवढी जागा धरूनच चालतात. मनात ठेवूनच आकडा देतात ते."

"असेल सर. पण ती जागा त्यांनी आपल्याला दिलेली नाही."

ते खिडकीकडं वळले. खाली फळा दिसत होता. "गुरुवारी माणसं येणार आहेत."

"हो."

"वेळ कुणाच्या सांगण्यावरून कमी केला, असं लिहायचं?"

"माझ्या," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला आत कुठंतरी एक विचित्र स्तब्धता जाणवली, ग्रॅनाइटच्या टेबलासारखी. सत्यजीत सरांनी टेबलावरचा फोन उचलून दौंडच्या कारखान्याला लावला आणि सांगितलं की आमच्या मालाला हात लावू नका. फोन ठेवून ते म्हणाले, "त्यांना पत्र तू लिही. पण आधी दौंडला जा. एकूणएक भागाला तुझ्या हातानं लाल चिठ्ठी बांध. मोजून बासष्ट."

कंपनीची पिकअप जयसिंगांनीच घेतली. न्हावऱ्यावरून दौंडचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांद्याच्या वखारी. बाहेर अडतीस अंशांचं ऊन होतं. करुणाला पहिल्यांदाच सगळं वाढताना दिसत होतं. पिकअपचा पत्रा, विजेच्या तारांचे झोळ, रस्त्याकडेचा पाण्याचा लोखंडी टँकर, पुलाच्या कठड्याचे गज, सगळं किंचित किंचित, कुणाच्याही नकळत सकाळपेक्षा लांब झालेलं; आणि संध्याकाळी पुन्हा आखडून घेणार. रोज. कुणी मोजत नसतानाही. आपण ज्याला घट्ट, निश्चल म्हणतो ते सगळं असं श्वास घेतं, हे पुस्तकात वाचून तिला पंधरा वर्षं झाली होती आणि कळायला आजचा दिवस उजाडावा लागला. भीमेच्या पुलावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. हवा भाजत होती. पुलाच्या तुळयांमधल्या फटीवरून चाकं गेली, धडधड, आणि तिला वाटलं, ज्यानं ही फट ठेवली त्याला माहीत होतं.

तिलाही माहीत होतं, हेच खरं तर टोचत होतं. ती दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली होती. तिचे वडील साहेबराव गँगमन, चौतीस वर्षं रुळांवर चाललेले. उन्हाळ्यात दुपारी शाळा सुटली की आई तिच्या हाती त्यांचा डबा द्यायची. रुळांच्या जोडात ठेवलेल्या फटीत बोट घालून आप्पांनी तिला दाखवलं होतं, सकाळी बोटाचं पेर जायचं, दुपारी नखही जात नसे. लोखंड उन्हात वाढतं ही गोष्ट तिला बाराखडीइतकी जुनी होती. फक्त त्या थंडगार खोलीत शिरताना तिनं ही गोष्ट दाराबाहेर ठेवली होती, चपलांबरोबर.

दौंडच्या कारखान्यात माल उतरवून ठेवला होता. चाळीस भाग टांगणीला लागलेले, टाकीत जायच्या बेतात. बावीस अजून पेटीत. तिनं आणि जयसिंगांनी मिळून एकेकाला चिठ्ठी बांधली. दोरा ओवताना प्रत्येक भाग तिच्या हातात येत होता, गुळगुळीत, सुंदर, मासळीसारखा चमकणारा. यातला चांगला कुठला आणि आखूड कुठला, हे सांगणारी जगात एकही खूण नव्हती. जयसिंग मोठ्यानं आकडे म्हणत होते. बासष्ट भरले.

चार वाजले होते. "तुमचं घर हितंच हाय न्हवं?" जयसिंगांनी विचारलं. "आप्पांना भेटून जाऊ." आठ वर्षं एका छताखाली काम करून ते तिच्या घरी कधी आले नव्हते, तीही निमोण्याला कधी गेली नव्हती. साहेबराव दारातल्या खाटेवर बसले होते. तिच्या आईनं, चांगुणाबाईंनी, चहा आणला. जयसिंगांनी कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर घालून प्याले. करुणाला कळलं की आपण तिकडं बघत होतो. तिनं आप्पांना झालेलं सांगितलं. सत्तरीच्या त्या माणसाला मायक्रॉन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं ठाऊक होतं.

"पाटसच्या अलीकडं एकदा," ते जयसिंगांकडं बघत म्हणाले, "मे म्हैना. तीनचा सुमार. रुळाला बाक आल्याला दिसला मला. लई न्हाई, एवढासा. मी तांबडं फडकं धरलं, गाडी थांबीवली. चाळीस मिन्टं हुबी. साहेब आलं सा वाजता. त्यांनी मोजलं. रूळ सरळ."

"निवला आसंल," जयसिंग म्हणाले.

"निवलाच हुता. पन मोजलं तवा सरळ हुता, म्हंजी सरळ. मला मेमो दिला, इनाकारन गाडी अडीवली म्हनून."

हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. "मग, आप्पा?"

"मंग काय. सही क्येली. दुसऱ्या दिशी तीन वाजता तितंच जाऊन बसलो. बाक आला परत, त्येवढाच. त्या दिशी बी गाडी हळू काढली. तिसऱ्या दिशी साहेब दुपारचं आलं आन् सोता मोजलं. तितला रूळ तेवढा मोकळा करून घेतला."

"मेमो?"

"त्यो ऱ्हायला की फायलीत." साहेबराव हसले. "तुझं मोजन्यात चुकलं न्हाई, बाय. कवा मोजायचं, तितं चुकलं. आता निवू दे आन् मोज."

मंगळवारी पेट्या परत आल्या. भाग चार तास नव्हे, पूर्ण रात्रभर खोलीत राहिले. बुधवारी सकाळपासून ती मोजत होती. दुपारी जयसिंग दार लोटून आत आले, सांगितल्याप्रमाणे बूट बाहेर काढून. अकरा वर्षांत ते या खोलीत प्रथमच येत होते आणि देवळात उभं राहावं तसे हात पोटाशी धरून उभे राहिले. तिनं एक भाग लावला. वजा नऊ. "दादा, आता त्याच्यावर हात ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा." त्यांनी चरे पडलेला आपला रुंद पंजा धातूवर ठेवला. मिनिटभरानं तिनं पुन्हा मोजलं. वजा सहा. अजून एक मिनिट. वजा चार. जयसिंगांनी पडद्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, आणि हात असा उचलला की जणू झोपलेल्या कुणाला जाग येईल.

"आसं," ते कुजबुजले. "म्हंजी आपन जवळ हुबं ऱ्हायलो, तरी त्येला कळतं?"

"कळतं."

पाच पाच मिनिटांनी ती मोजत होती आणि आकडा खाली खाली येत होता, वजा पाच, वजा सहा. त्यांच्या हाताची ऊब त्या धातूतून निघून जाताना पडद्यावर दिसत होती. वजा नऊला परत यायला तासाच्या वर गेला. जयसिंग तोवर हलले नाहीत.

बासष्टांपैकी सोळा बाद झाले. उरले परदेशातले नऊ, ते तर हातात नव्हते. पण करुणाच्या मनात आलं की त्यातला प्रत्येक भाग किती वाजता धुतला आणि किती वाजता मोजला हे कळलं, तर मोजताना तो किती गरम होता हे काढता येईल. मोजल्याची वेळ प्रत्येक रिपोर्टवर छापलेली होती. धुतल्याची वेळ कुठंच मागितलेली नव्हती. जयसिंगांनी मात्र आपल्या खिशातल्या वहीत प्रत्येक भागापुढं बॉलपेननं ती लिहून ठेवली होती, तीन महिने, कुणी न सांगता. "शंका आली तवापास्नं लिवत हुतो," ते म्हणाले. एक भाग धुऊन आणून तिनं दर दहा मिनिटांनी मोजला, चार तास, आणि निवण्याची रेघ काढली. त्या रेघेवर नऊ भागांच्या वेळा ठेवून तिनं नऊ आकडे काढले. पत्रात लिहिलं: वेळ माझ्या सूचनेवरून कमी केला, धुण्याच्या वेळा यंत्रचालक जयसिंग यांच्या नोंदीतून घेतल्या आहेत, आमच्या हिशेबानं यातले दोन भाग आखूड आहेत, तिसरा आणि सहावा, बाकीचे बसतील, कृपया वीस अंशांवर मोजून पाहावेत. तिच्या सहीखाली सत्यजीत सरांनी आपली सही केली.

गुरुवारची माणसं आली नाहीत. दुसऱ्या लाइनचा निर्णय पुढं ढकलला असल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. चार तास परत लागू झाले. फळ्यावर तिसऱ्या आकड्यात सोळा बाद आणि दोन संशयित धरले तर गेल्या तिमाहीचा गुणाकार त्रेसष्टवर आला, आणि ज्या सकाळी तो लिहायचा होता त्या सकाळी खडू करुणानंच घेतला. तिचा फोटो कुणीतरी काढून टाकला. कुणी, ते तिनं विचारलं नाही. कँटीनमध्ये दोन-तीन जणं तिच्या टेबलावरून उठली, कारण त्यांचे भाऊ-भाचे नव्या लाइनच्या आशेवर होते. त्यांचा राग तिला समजत होता. दिवसभर ती मोजत राहायची, आणि भाग निवत असताना त्या तासांत कधी कधी नुसती बसून राहायची. पूर्वी तिला हा वेळ वाया जातोय असं वाटायचं.

सतरा दिवसांनी परदेशातून रिपोर्ट आला. करुणानं तो उघडला आणि वाचायच्या आधी जाऊन जयसिंगांना बोलावलं. त्यांनी हात धुतले, बूट काढले, चष्मा लावला. दोघं पडद्यासमोर उभे राहिले. डावीकडं तिनं पाठवलेले नऊ आकडे, मध्ये त्यांनी मोजलेले नऊ, उजवीकडं फरक. पहिल्या ओळीत फरक एक मायक्रॉन. दुसऱ्या ओळीत शून्य. तिसरा भाग आखूड, एका जोडणीत बसवलेला होता तो त्यांनी काढून घेतला होता, फरक एक. चौथा शून्य. पाचवा शून्य. सहावा आखूड, फरक दोन. जयसिंग बोट काचेला न लावता एकेका ओळीवरून खाली नेत होते.

"शून्य म्हंजी?"

"म्हणजे आपण इथं कागदावर जे काढलं, तेच तिकडं मशीननं सांगितलं. भाग आपल्याला न दिसता."

"माझ्या वहीवरनं."

"तुमच्या वहीवरून."

खाली मोजणाऱ्याची सही होती. नाव असं की ते बाईचं की पुरुषाचं, कळत नव्हतं. करुणानं डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला: समुद्रापलीकडं कुठंतरी, बाहेर बर्फ असेल किंवा नसेल, एक जाड दार, एक काळा दगड, आणि कुणीतरी बूट काढून आत आलेलं, भाग निवायला ठेवून, आपल्यासारखंच, नुसतं बसून राहिलेलं. हे माणूस तिला ओळखत नव्हतं, ती त्याला ओळखत नव्हती. दोघांमध्ये केसाच्या तिसाव्या भागाइतकंही अंतर उरलं नव्हतं.

"तिकडं पन वीसच अंश?" जयसिंगांनी विचारलं.

"वीसच."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.